नोन्नाचा नाताळ लिहायला घेतलास, म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी पानं मिळाली. नोन्नाच्या, म्हणजे तुझ्या इटलीतल्या आजीच्या, घरच्या नाताळावर मराठीत लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. सांगलीची तुझी मामेभावंडं ते वाचतील, आई वाचेल, पुढे कधीतरी तुझी मुलंही वाचतील. म्हणून जे सुचवायचं ते हातचं न राखता सुचवते.

तुझ्या पानांत एका जागी मी थांबले. तू लिहिलंयस की रात्री अंथरुणात पडल्यावर न्हाणीघरातल्या नळाची बारीक धार ऐकू यायची, कारण खाली टबात बाक्काला, म्हणजे खारवलेला कॉड मासा, भिजत घातलेला असायचा. तिथे मला घर दिसलं. बाकीच्या पानांत भरलेलं टेबल आहे, मेणबत्त्या आहेत, हसणं-खिदळणं आहे, ‘प्रेमाची ऊब’ आहे. हे सगळं होतंच, पण ते वाचताना तुझी नोन्ना डोळ्यांसमोर येत नाही, जाहिरातीतली कुणीतरी आजी येते. जेवण चार तासांचं असतं, त्याच्या मागची मेहनत तीन आठवड्यांची. लहानपणी तुला टेबल तेवढं दिसलं, कारण तुला तिथे बसवलं होतं. आता तू मोठी झालीस. टेबलावरून ऊठ आणि आत स्वयंपाकघरात जा. मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल.

आधी ‘इटलीत नाताळ असा असतो’ छापाची वाक्यं काढून टाक. इटलीत नाताळ एकसारखा नसतोच. बोलोन्यात २५ तारखेला कोंबड्याच्या रश्शात तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या पुड्या, असतात, आणि त्यांच्या सारणाची कृती तिथल्या व्यापार मंडळाच्या दप्तरात ७ डिसेंबर १९७४ रोजी रीतसर नोंदवून ठेवली आहे, इतकं तिथे त्याचं महत्त्व. पुल्यात पिठाच्या पट्ट्या गुलाबासारख्या वळून तळतात आणि द्राक्षाच्या किंवा अंजिराच्या आटवलेल्या रसात बुडवतात. मिलानचा पानेत्तोने, वेरोनाचा पांदोरो, दोन्ही नाताळाचे उंच, फुगीर केक. तू नेपल्सच्या नोन्नाची नात आहेस, नेपल्सचंच लिही.

आणि ते ‘सात मासे’! २४ च्या रात्री मोजून सात प्रकारचे मासे करायची पद्धत अमेरिकेतल्या इटालियन घरांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला दक्षिण इटलीतून लाखो माणसं तिकडे गेली. त्यांनी परक्या देशात ती पद्धत जिवापाड जपली, तिचा मान मोठाच आहे. पण नेपल्समध्ये मासे मोजत कुणी बसत नाही. तिथे नियम एकच: चर्चच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे २४ ला मांस नाही. सात हा आकडा तू कुठेतरी वाचलास, नोन्नाकडे पाहिला नाहीस. पाहिलंस तेवढंच ठेव. नोन्नाकडे क्लॅम (तिसऱ्या) घातलेली स्पॅगेटी, तळलेला बाक्काला आणि ईल हा सापासारखा लांब मासा एवढंच असेल, तर तेवढंच लिही. कमी पडणार नाही.

तिथला नाताळ एका रात्रीचा नसतो, हे मराठी वाचकाला ठाऊक असायचं कारण नाही. तो ८ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीला, बेफाना म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ टाकून गेली की संपतो. ८ ला मेरीमातेचा सण. त्या दिवशी माळ्यावरून खोकी उतरतात आणि प्रेसेपे मांडायला घेतात. येशूजन्माचा हा देखावा. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात असा प्रसंग उभा केला, तिथून ही परंपरा सांगतात. पण नेपल्सने तिचं जे केलं ते दुसरीकडे बघायला मिळत नाही. बुचाच्या सालीचे डोंगर, शेवाळाची कुरणं, आणि गोठ्याच्या आजूबाजूला अख्खं नेपल्स: कोळी, दारूवाला, भाजीवाली, आणि वरच्या टोकाला झोपलेला मेंढपाळ बेनीनो. सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या गल्लीत वर्षभर या मूर्ती घडत असतात. पण त्या गल्लीचं वर्णन करू नकोस, ते प्रवासवर्णनवाल्यांनी भरपूर केलंय. नोन्नाच्या प्रेसेपेमधल्या कुठल्या मेंढपाळाचा हात तुटला होता आणि तो कशाने चिकटवला होता, ते लिही.

गव्हाण २४ च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. मग घरातलं सगळ्यांत धाकटं मूल बाळ येशूला हातात घेऊन चालतं, बाकीचे मागून येतात, आणि बाळ गव्हाणीत ठेवलं जातं. हा मान आधी तुझा होता; मग तुझा चुलतभाऊ मोठा झाला आणि तो त्याच्याकडे गेला. तुझ्या पानांत याचा उल्लेख एका ओळीत आला आणि गेला. त्या वर्षी तू रांगेत कितवी होतीस? कुणाचा हात धरला होतास? रडली होतीस का? मला ते वाचायचंय.

आता स्वयंपाकघर. बाक्कालाचं पाणी दोन-तीन दिवस बदलत राहावं लागतं, नाहीतर मीठ उतरत नाही. म्हणजे कुणीतरी रात्री उठत होतं. कोण? हा मासा नेपल्सच्या समुद्रातला नाही, दूर उत्तरेच्या थंड समुद्रातून खारवून येतो. शतकानुशतकं गरिबाच्या उपासाचा मासा म्हणून तो तिथे रुळला. तुझ्या आजोबांच्या कमाईत तो परवडत होता का, हेही विचार. कापितोने, म्हणजे मोठी मादी ईल, २३ च्या रात्री पोर्ता नोलानाच्या बाजारातून जिवंत आणायची. (आपल्या कोकणातली वाम तिच्या नात्यातली, मराठी वाचकाला एवढं सांगितलं की पुरे.) ती टबातून निसटली आणि अख्खं घर तिच्या मागे धावलं, ही गोष्ट नेपल्समधलं प्रत्येक घर सांगतं. तुझ्या घरी खरंच निसटली असेल तर कुठल्या कपाटाखाली गेली आणि कुणी धरली तेवढं लिही. निसटली नसेल तर ती गोष्ट उसनी आणू नकोस.

एका ताटलीला मात्र भरपूर जागा दे: फ्लॉवरच्या सॅलडला. उकडलेला फ्लॉवर, व्हिनेगर, ऑलिव्ह, अँचोव्ही हे खारवलेले छोटे मासे, व्हिनेगरात मुरवलेल्या गोल पापाच्चेल्ले मिरच्या. २४ ला केलेल्या या सॅलडमध्ये रोज थोडी थोडी भर पडत जाते आणि ते जानेवारीपर्यंत टेबलावर येत राहतं. मुलांना ते आवडत नाही, म्हणून आठवणींत ते क्वचित येतं. पण बाईने आठवडा कसा काढला, पाहुणे किती आले, काय उरलं आणि काय संपलं, ते त्या एका भांड्यात दिसतं. माझ्या तिकडच्या सासूबाई २७ तारखेला त्यात डोकावून नवी ऑलिव्हची बाटली उघडायची की नाही ते ठरवत. त्या डोकावण्यात त्यांचा अख्खा संसार होता असं मला आजही वाटतं.

स्त्रुफोलीवर तू एक परिच्छेद लिहिलायस, आणि त्यात ‘मधात घोळवलेले गोड गोळे’ यापलीकडे काही नाही. मराठी वाचकाच्या जिभेवर ते आणायचे तर वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला होणारे कुलकुल आठव. मैद्याचं तसंच तळण, फक्त हरभऱ्याएवढं आणि मधात. मग पुढे हात दाखव. मैदा, अंडी, थोडी साखर, डुकराची चरबी किंवा लोणी, संत्र्याची किसलेली साल, बडीशेपेच्या वासाची चमचाभर दारू. पिठाच्या बोटाएवढ्या जाड दोऱ्या वळायच्या, सुरीने टकटक कापायच्या. कापलेले तुकडे चाळणीत घेऊन हलवायचे, म्हणजे जादाचा मैदा गळतो. तो राहिला तर तेलात जळतो आणि सगळा घाणा कडू होतो. तळताना फेस वर चढतो, म्हणून घाणा लहान घालायचा. मध पातळ करून त्यात गोळे उलथायचे, पाकवलेल्या फळांचे तुकडे घालायचे, आणि ओल्या हातांनी ताटात कडं रचायचं. हात ओले नसतील तर निम्मा मध बोटांनाच लागतो. वरून रंगीत साखरेचे दाणे. ते टाकायचं काम मुलांचं. चाळणी कुणाच्या हातात होती आणि रंगीत दाण्यांची बाटली कुणाच्या, एवढं लिहिलंस तरी त्या घरातली माणसं एकेक करून दिसायला लागतील.

प्रमाण विचारशील तर नोन्ना सांगतील, ‘लागेल तेवढा मैदा.’ त्यावर हिरमुसू नकोस. मैद्याचा डबा आधी वजनकाट्यावर ठेव, आकडा लिहून घे. मळून झाल्यावर पुन्हा ठेव. मधाच्या बाटलीचंही तसंच. त्यांना थांबवू नकोस, वाटी-चमचे पुढे करू नकोस. आणि ‘पूर्वीचा नाताळ कसा होता ते सांगा’ असं समोर बसवून कधीच विचारू नकोस. इथल्या शाळेत शिकवताना मी मुलांना आजी-आजोबांकडून आठवणी लिहून आणायला सांगत असे. समोरासमोर बसवून विचारलं की सगळे ‘तेव्हा गरिबी होती, पण आनंद होता’ एवढंच सांगतात. हात कामात असले की माणूस वेगळं बोलतो. दोऱ्या वळताना शेजारी उभी राहा, तूही वळ, फोन खिडकीत रेकॉर्डिंगला लावून ठेव, आणि एकच प्रश्न विचार: हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्या नापोलितानमध्ये, नेपल्सच्या बोलीत, बोलतील. ते तसंच ठेव. इटालियन करून घेऊ नकोस, मराठी नंतर कर.

तोम्बोलाचं तू छान लिहिलंयस, तरी तिथे अजून थांबायला हवं. आपल्याकडचा तंबोला, हाउझी, तोच हा खेळ: ९० आकडे, कार्डावर तीन ओळींत १५. नेपल्समध्ये सांगतात की १७३४ साली फादर रोक्को यांनी राजा कार्लो यांच्यामागे लकडा लावला आणि नाताळाच्या आठवड्यात सरकारी लॉटरी बंद झाली. तेव्हा लोकांनी आकडे घरी आणले आणि वेताच्या टोपलीत घालून खेळ सुरू केला. आख्यायिका असेल, पण तिच्यात शहराचा स्वभाव आहे. प्रत्येक आकड्याला चित्र आहे. २५ म्हणजे नाताळ. ३३ ख्रिस्ताचं वय. २२ वेडा. ७७ बाईचे पाय, आणि त्यावर मुलांनी खिदळायचंच. ९० भीती. कार्डावरचे आकडे झाकायला वाल, मसूर, संत्र्याच्या सालीचे तुकडे. तू लिहिलंस ‘नोन्ना आकडे पुकारायच्या’. कशा पुकारायच्या? आकडा आधी की चित्र आधी? टोपली हलवून थांबायच्या, चष्म्यातून सगळ्यांकडे बघायच्या, की घाईने?

४७ म्हणजे मेलेला माणूस आणि ४८ म्हणजे बोलणारा मेलेला माणूस. माझ्या सासऱ्यांच्या पश्चात पहिल्या नाताळाला सासूबाईंच्या हातात ४८ आला. त्यांनी तो पुकारला, सोंगटी फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘बघा, आले.’ सगळे हसले, त्याही हसल्या आणि पुढचा आकडा काढला. गेलेल्या माणसांना नेपल्समध्ये असं टेबलावर बोलावतात. तुझे नोन्नो, आजोबा, गेल्यानंतरचे नाताळ तू पाहिले आहेस. त्यांची खुर्ची कुणी घेतली? तुझ्या पानांत ते आधी आहेत आणि मग नाहीत. मधला दुवा नाही.

आता जरा अवघड बाब. तुझी नोन्ना नेपल्समध्ये १९८० साली तरुण बाई होत्या, पदरी लहान मुलं. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला, रविवारी संध्याकाळी ७ वाजून ३४ मिनिटांनी इर्पीन्याचा भूकंप झाला. डोंगराकडची गावं जमीनदोस्त झाली, अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. नेपल्समध्येही इमारती पडल्या, जुन्या घरांना तडे गेले, लोक थंडीत गाड्यांमध्ये झोपले, हजारो कुटुंबं शाळांत, हॉटेलांत, नातेवाइकांकडे राहिली. त्यानंतर महिन्याभराने नाताळ आला. त्या वर्षीच्या स्त्रुफोलीचं काय झालं? चूल कुणाची, तेल कुणाचं? माझ्या सासूबाईंना भूकंपाबद्दल विचारलं तर त्या उठून जायच्या. त्या वर्षी तळण कुणी केलं असं विचारल्यावर मात्र सलग बोलल्या: जावेच्या बहिणीच्या घरी सगळे दाटीवाटीने होते, दोन बायकांत मधावरून भांडण झालं होतं, आणि प्रेसेपे बुटांच्या खोक्यात मांडला होता. पदार्थाच्या बाजूने विचारलं की माणसाला दुःखापर्यंत आपल्या पायांनी जाता येतं. पण नोन्ना थांबल्या तर तूही थांब. तुझ्या लेखापेक्षा त्या मोठ्या आहेत.

खोक्यातल्या पानेत्तोनेची लाज बाळगू नकोस. तू तो वगळलास असं दिसतंय, घरी केलेला नाही म्हणून. तो वगळलास तर तुझे बाबाच वगळल्यासारखं होईल. महायुद्धानंतरच्या दशकांत दक्षिणेतली माणसं कामासाठी मिलान-तोरिनोकडे गेली, आणि नाताळाला खच्चून भरलेल्या गाड्यांनी परत यायची. कारखान्यांतला पानेत्तोने खोक्यात बसून देशभर पोचला, तोही त्याच काळात. तुझे बाबा पुढे त्याच वाटेने मिलानला गेले. ते दरवर्षी हातात निळं खोकं घेऊन जिना चढायचे, असं तुझी आईच मला सांगायची. नोन्ना ते खोकं कुठे ठेवत? लगेच उघडत, की कपाटावर ठेवून जानेवारीत उघडत? उत्तरेत गेलेल्या मुलाबद्दल आईला काय वाटतं, ते तिथे सापडेल.

आणि नोन्नांना देवी करू नकोस. तू लिहिलंयस, ‘त्या कधी दमायच्या नाहीत.’ दमायच्या गं. २४ च्या रात्री सगळे चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्साला गेले की ओट्याशी कोण उभं असायचं? पुरुष टेबलावर सुकामेवा फोडत बसलेले असताना ताटं कुणी उचलली? कोणती सून आत गेली आणि कोणती गेली नाही, यावरून काय बोललं गेलं? तुझ्या काकू एका वर्षी आल्याच नव्हत्या. ते का, हे छापायची गरज नाही, पण त्या वर्षी टेबल पूर्ण होतं असं लिहू नकोस. राग, दमणूक, हेवेदावे हे सगळं असूनही त्या बाईने पुढच्या ८ डिसेंबरला पुन्हा खोकी उतरवली. तिच्यावर प्रेम आहे ना तुझं? मग ती जशी होती तशीच वाचकापुढे आण.

एक साधन तुझ्या घरातच आहे आणि ते तुला सुचलं नाही. तुझी आई नेपल्समध्ये पहिल्यांदा नाताळाला गेली तेव्हा मूल नव्हती, नवी सून होती. तुला जे नेहमीचंच वाटायचं ते तिला नवं होतं, म्हणून तिने ते बारकाईने पाहिलं. तिने तेव्हा सांगलीला आजीला पत्रं लिहिली होती. एकात ती ईल कापताना पाहून गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि नोन्ना न बोलता तिच्यासाठी वेगळ्या तव्यात एस्कारोल या पालेभाजीचं सारण भरलेली जाड पोळी गरम करून घेऊन आल्या, असं आहे. ही पोळी नेपल्समध्ये २४ च्या दुपारी खातात. तिच्यात मासा घालतात तो त्यांनी त्या दिवशी घातलाच नव्हता, म्हणजे सकाळीच त्यांच्या लक्षात आलं होतं की सून खाणार नाही. हे मला तुझ्या आईनेच सांगितलंय. ती पत्रं मामाकडे ट्रंकेत आहेत. त्याला फोटो काढून पाठवायला सांग. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि मराठीत लिहायचं तुझं खरं कारण मला तरी त्या पत्रांत दिसतं.

फोटो बघताना मागची बाजूही बघ, कित्येकदा तिथे तारीख असते. आणि फोटोत कोण नाही ते बघ. बहुतेक तीच व्यक्ती कॅमेरा धरून असते, किंवा स्वयंपाकघरात.

या वर्षी ७ तारखेलाच नेपल्सला जा, २४ ची वाट बघू नकोस. सुट्टी मिळत नसेल तर निदान स्त्रुफोलीच्या आधीचा शनिवार-रविवार गाठ. नोन्ना कुठल्या दिवशी करणार ते आधी फोन करून विचार, त्यांचे गुडघे दुखतात तेव्हा त्या दिवस पुढे ढकलतात. वजनकाटा सोबत ने, त्यांच्याकडचा जुना आहे आणि पन्नास ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. बेफानापर्यंत मी इथेच आहे. पानं पुन्हा लिहिलीस की मला पाठव, आणि मैद्याचा आकडा त्याच्याही आधी कळव, मलाही तो हवा आहे.

तुझी,
मावशी